लांब पण बारीक केस: कोणता कट ठेवला की रोज आरशासमोर वेळ जात नाही? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डोंबिवलीत गेली १९ वर्षं मी पार्लर चालवते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी सकाळी ओल्याच केसांना क्लचर लावून लोकल गाठतात. ड्रायर फिरवायला वेळ नाही, पण केस मात्र लांबच हवेत. त्यातही ज्यांचे केस बारीक, मऊ, हातातून निसटणारे असतात, त्यांचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच. माझे स्वतःचे केस तसेच आहेत, त्यामुळे इथली उत्तरं मी आधी माझ्या डोक्यावर करून पाहिलेली आहेत.

केस बारीक असणं आणि विरळ असणं, एकच ना?

नाही. मराठीत दोन्हीला आपण "पातळ केस" म्हणतो आणि गोंधळ तिथेच होतो. एकेका केसाची जाडी कमी असेल तर तो बारीक. डोक्यावरची केसांची संख्याच कमी असेल तर ते विरळ. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातला एखादा केस ६० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीचा असेल तर आम्ही तो बारीक धरतो. जाड केस १०० मायक्रॉनच्या आसपास जातो. घरी मायक्रॉन कोण मोजणार? फणीत आलेला एक केस घ्या आणि अंगठा आणि तर्जनीत धरून चोळा. बोटांना काहीच जाणवलं नाही तर केस बारीक. दोऱ्यासारखा काहीतरी जाणवला तर मध्यम किंवा जाड.

संख्येसाठी दुसरी परीक्षा. घट्ट पोनीटेल बांधा आणि रबराच्या जागी शिवणाची टेप गुंडाळा. घेर २ इंचांच्या आत असेल तर केस विरळ, २ ते ४ इंच असेल तर ठीकठाक, त्याच्या वर असेल तर दाट.

गंमत म्हणजे बारीक केसांच्या पुष्कळ जणींचे केस संख्येने चांगले दाट असतात. त्यांना वाटत असतं आपल्याला केसच नाहीत. टेप लावून दाखवली की चेहरा बदलतो. म्हणून कट ठरवण्याआधी हे दोन आकडे आपले आपल्याला माहीत हवेत.

मग लांब आणि बारीक केसांना तुम्ही पहिला कोणता कट सुचवता?

सरळ रेघेतला स्ट्रेट कट. ज्याला ब्लंट कटही म्हणतात. सगळे केस पाठीवर जसे सुटे पडलेत तसेच, वर न उचलता, एका पातळीवर कापायचे.

कारण सोपं आहे. बारीक केसांचा दाटपणा दिसतो तो टोकांना. शंभर केस एकाच जागी संपले की तिथे ठसठशीत रेघ दिसते. तेच शंभर केस कुठे चार इंच वर, कुठे दोन इंच वर संपले की खाली उरतात वीस-पंचवीस, आणि त्यांच्यातून मागच्या कुर्त्याचा रंग दिसतो. डोक्यावर केस तेवढेच असतात, नजरेला मात्र अर्धे वाटतात.

दुसरं, देखभालीच्या दृष्टीने. सरळ रेघेला काही करावंच लागत नाही. धुतले, टॉवेलने टिपले, वाळले, झालं. वेणी घातली तर वेणी शेवटपर्यंत भरलेली राहते. महिनाभराने केस सेंटिमीटरभर वाढले तरी रेघ सरळच राहते, त्यामुळे कट "उतरला" असं वाटत नाही.

लंडनमध्ये १९६० च्या दशकात विदाल ससून या केशकर्तनकारांनी हाच विचार जगभर नेला. तोवर बायका दर आठवड्याला पार्लरमध्ये जाऊन रोलर लावून, स्प्रे मारून केस बसवून घेत. ससून यांचं म्हणणं होतं की केस नीट कापले तर ते धुतल्यावर आपोआप जागेवर पडले पाहिजेत. त्यांनी ते आखूड केसांवर करून दाखवलं. तत्त्व मात्र कंबरेपर्यंतच्या केसांनाही तितकंच लागू आहे. कट चांगला की वाईट हे पार्लरच्या खुर्चीत कळत नाही. तिसऱ्या धुण्यानंतर, काहीही न करता केस कसे पडतात, त्यावरून कळतं.

यू कट, व्ही कट यांचं काय?

उथळ यू चालतो, आणि पुष्कळदा मी तोच करते. पूर्ण सरळ रेघेत केस खांद्यावरून पुढे घेतले की पुढचे केस जरा बोजड, लांब वाटतात. मध्यभाग आणि कडा यांत दीड-दोन इंचांचा फरक ठेवला की ते सुटतं आणि दाटपणाही जात नाही. त्याहून खोल यू मात्र नको. बाजूचे केस जितके आखूड, तितकं मध्ये उरणारं टोक विरळ.

व्ही कट बारीक केसांना मी करत नाही. ग्राहक आग्रह धरते तेव्हाही आधी समजावते. व्हीच्या टोकाशी मूठभर केससुद्धा नसतात.

सगळ्या जणी म्हणतात लेयर्सनी केस फुगीर दिसतात. तुम्ही नको का म्हणता?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

लेयर म्हणजे वरचे केस खालच्यांपेक्षा आखूड कापणं. वरच्या केसांचं वजन कमी होतं, ते थोडे उचलले जातात. जाड, दाट, वळणदार केसांना याचा खरंच फायदा होतो. खांद्यापर्यंतच्या बारीक केसांनाही एखादी लेयर बरी दिसते. पण केस कंबरेपर्यंत असले आणि बारीक असले की वर उचलले जाणारे केस खालच्या लांबीतून वजा होतात. वर फुगवटा हवा म्हणून खालचा भरणा देऊन टाकल्यासारखं होतं ते. आणि तो फुगवटा टिकवायला गोल ब्रश आणि ड्रायर लागतोच. पार्लरमधून निघताना दिसलेले लेयर्स ब्रशने वळवलेले असतात. घरी धुतल्यावर त्याच बटा सरळ, वेगवेगळ्या लांबीच्या, लोंबत राहतात.

मी २२ वर्षांची असताना चुलत बहिणीच्या लग्नाच्या चार दिवस आधी एका पार्लरमध्ये स्टेप कट करून घेतला. माझे केस तेव्हा कंबरेच्या खाली होते. तिथल्या बाईंनी पाच स्टेप घेतल्या आणि वर "हलके वाटावेत" म्हणून थिनिंग कात्री फिरवली. ती कात्री एका बाजूला कंगव्यासारखी दात्यांची असते, दर चिमटीत काही केस कापते आणि काही सोडते. लग्नाच्या दिवशी आईने वेणी घातली. खांद्यापाशी ती अंगठ्याएवढी होती आणि खाली दोऱ्याएवढी. मधूनमधून आखूड केस बाहेर टोचत होते. मोगऱ्याचा गजरा माळला तो मंगलाष्टकं संपायच्या आत दोनदा घसरला. ते आखूड केस खालच्या रेघेपर्यंत यायला मला अडीच वर्षं लागली. आज ग्राहकाच्या केसाला हात लावण्याआधी मी दोन मिनिटं बोलते, ते त्यामुळेच.

तरी एक सवलत आहे. केस बारीक पण पोनीटेलचा घेर ३ इंचांच्या वर असेल, तर अगदी खालच्या चार-पाच इंचांत एक लांब लेयर घेता येते. पाच स्टेप नाहीत, एकच. तीही वाळलेल्या केसांवर, थोडीथोडी.

बटरफ्लाय कट, वुल्फ कट असे जे फोटो दिसतात ते?

ते बऱ्याच लेयर्सचे, रोज सेट करणाऱ्यांचे कट आहेत. फोटोतली मुलगी सेट करून बसलेली असते. तुम्ही रोज सकाळी पंधरा मिनिटं द्यायला तयार असाल तर जरूर करा. तुमचा प्रश्न कमी देखभालीचा असेल तर सोडून द्या.

लांबी किती ठेवावी? मला कंबरेपर्यंतच हवेत.

लांबी मनाने ठरवू नका, टोकांना विचारून ठरवा. धुऊन वाळलेले केस दोन्ही खांद्यांवरून पुढे घ्या आणि खाली वर्तमानपत्र धरा. टोकांच्या मागची बातमीची अक्षरं वाचता येतात का पाहा. येत असतील तर कागद हळूहळू वर सरकवा. ज्या जागी अक्षरं दिसेनाशी होतात तिथे तुमच्या केसांची खरी लांबी संपते. त्याच्या खालचे केस फक्त मोजण्यापुरते लांब आहेत.

यामागचं गणित असं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर. कंबरेपर्यंत ६० सेंटिमीटर केस असतील तर त्यांची टोकं चार-पाच वर्षांची जुनी आहेत. चार-पाच पावसाळे, शेकडो वेळा धुणं, हजारो वेळा कंगवा त्यांनी सोसलाय. शिवाय प्रत्येक केसाचं वाढायचं वय ठरलेलं असतं, बहुतेकांचं दोन ते सहा वर्षं. मग तो गळतो आणि नवीन येतो. त्यामुळे कंबरेपर्यंत पोचणारे केस मुळातच थोडे असतात. बारीक केसांत ते मधेच तुटतातही, मग आणखी थोडे.

माझ्या अनुभवात बारीक केसांची सर्वात सुखाची लांबी म्हणजे पाठीच्या फऱ्यांच्या खाली दोन-तीन बोटं. वेणी येते, अंबाडा येतो, क्लचरमध्ये एका पिळात बसतात, आणि टोकं भरलेली दिसतात.

आई म्हणते केस कापू नकोस, मला मात्र सांभाळवत नाहीत. काय करू?

आईचं मन मोडू नका आणि आपले हालही करून घेऊ नका. ज्या आयांनी लेकीच्या केसांना लहानपणापासून दर रविवारी तेल लावलंय, त्यांना कात्री पाहवत नाही, हे मी रोज पाहते. अशा वेळी मी सांगते, आईंना सोबत घेऊन या. वर्तमानपत्राची परीक्षा त्यांच्यासमोर करते. सहा इंच कापायचे असतील तर आधी दोन इंच कापून, केस वाळवून, वेणी घालून दाखवते. वेणीचं खालचं टोक जाड झालेलं दिसलं की "आणखी थोडे काप गं" असं बऱ्याचदा आईच म्हणते. घरात शनिवार, अमावास्या पाळत असतील तर तसा दिवस निवडा. त्याने कटला काही फरक पडत नाही, घरात शांतता राहते.

आणि एकदम बरेच कापणार असाल तर ते केस कर्करोगाच्या रुग्णांच्या विगसाठी देता येतात. बहुतेक संस्था १० ते १२ इंच सलग लांबी मागतात, केस कोरडे आणि बांधलेले हवे असतात. आधी फोन करून त्यांचे नियम विचारा.

पार्लरमध्ये नेमकं काय सांगायचं? मी एक सांगते, त्या दुसरंच कापतात.

"थोडे कमी करा" असं सांगू नका. थोडे म्हणजे तुमचा एक इंच आणि त्यांचे चार इंच. बोटाने जागा दाखवा: "इथपर्यंत हवेत, वाळल्यावर." हा शेवटचा शब्द महत्त्वाचा. ओला केस ताणला जातो, वाळला की वर चढतो. सरळ केस अगदी थोडा चढतो, वळणदार असेल तर इंचभरही.

मग हे सांगा: "सरळ रेघेत, फार तर उथळ यू. लेयर नको, स्टेप नको. थिनिंग कात्री आणि रेझर नको." वाटलं तर कागदावर लिहून न्या. संकोचायचं कारण नाही, केस तुमचे आहेत. रेझर नको म्हणते कारण पात्याने केस तिरका सोलला जातो, आणि बारीक केसाचं सोललेलं टोक लवकर दुभंगतं.

खुर्चीत पायावर पाय टाकून बसू नका. कंबर कलते, मग खांदा कलतो आणि रेघ तिरकी येते. दोन्ही पाय जमिनीवर, मान सरळ, मोबाइल पर्समध्ये. केस कंबरेच्या खाली असतील तर मी ग्राहकाला उभंच करते. खुर्चीच्या पाठीला केस टेकले की मोजमाप बिघडतं.

भांगही आधी सांगा. तुम्ही रोज तिरका भांग पाडत असाल आणि मधला भांग पाडून कापलं, तर घरी आल्यावर एक बाजू लांब दिसते. त्यात कापणाऱ्याची चूक नसते, सांगायचं राहून गेलेलं असतं.

शेवटी ड्रायरने सेट करून देऊ का विचारतील. पहिल्या वेळी नको म्हणा. नुसते वाळवून घ्या आणि आरशात मागची रेघ बघा. सेट केल्यावर सगळेच कट छान दिसतात.

पुढे फ्लिक्स किंवा बँग्ज ठेवू का?

बँग्ज म्हणजे कपाळावर येणारी आखूड केसांची झालर. तिचा विषय निघाला की माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या बायका अजून "साधना कट" म्हणतात. अभिनेत्री साधना यांचं कपाळ रुंद दिसू नये म्हणून १९६० च्या "लव्ह इन सिमला"साठी कपाळावर ती झालर काढली गेली आणि पुढे देशभर मुलींनी ती उचलली. दिसायला गोड, पण कमी देखभालीच्या यादीत ती बसत नाही. कपाळाचा घाम आणि तेल लागून बारीक केसांची झालर दुपारपर्यंत चार बटांत चिकटते, आणि दर तीन आठवड्यांनी कापावी लागते. शिवाय झालरीला लागणारे केस समोरच्या भागातूनच जातात, जिथे ते आधीच कमी असतात.

चेहऱ्याभोवती काहीतरी हवंच असेल तर हनुवटीच्या खाली येणाऱ्या दोन लांब बटा घ्या. कानामागे जातात, क्लचरमध्ये जातात, वाढल्या तरी वाईट दिसत नाहीत.

किती दिवसांनी ट्रिम करायचं?

सरळ कट असेल तर तीन ते चार महिन्यांनी अर्धा ते एक इंच. लांबी वाढवायची असेल तर चार महिन्यांनी अर्धाच इंच. तेवढ्यात केस साधारण दोन इंच वाढलेले असतात, म्हणजे दीड इंच पदरात पडतो.

केसांना फाटे फुटले की मात्र थांबू नका. फाटा वर सरकत जातो. बाजारातली सीरम तो तात्पुरता चिकटवतात, पुढच्या धुण्यात तो पुन्हा उघडतो. कात्रीखेरीज त्याला इलाज नाही. एकच गोष्ट सांगते: कात्री केसांचीच हवी. कागद कापायच्या बोथट कात्रीने केस चिरडतो आणि तिथेच नवा फाटा तयार होतो.

वारंवार कापले की केस दाट आणि भरभर येतात का?

नाही. केस टाळूखालच्या मुळाशी तयार होतो. टोकाला काय झालं हे मुळाला कळत नाही. बाळाचं जावळ काढल्यावर केस दाट येतात असं वाटतं, ते बाळ मोठं होत असतं म्हणून. कापल्याने केस तुटायचे थांबतात, म्हणून लांबी टिकते. फायदा एवढाच, पण तो मोठा आहे.

बारीक केस एका दिवसात तेलकट होऊन डोक्याला चिकटतात. कटने हे थांबेल?

कटने कमी होतं, थांबत नाही. टाळूतून निघणारं तेल सरळ, बारीक केसावरून झटकन खाली पसरतं आणि केस चप्प बसतात. लांबीचं वजन उतरलं की मुळाशी थोडी हवा राहते. खरा फरक धुण्याच्या पद्धतीने पडतो.

शाम्पू फक्त टाळूला लावा, बोटांच्या पेरांनी चोळा, फेस खाली ओघळतो तेवढा केसांना पुरतो. कंडिशनर उलटा: कानांच्या खालच्या केसांनाच, टाळूला अजिबात नाही. एक दिवसाआड धुवावे लागले तरी घाबरू नका. "रोज धुतले तर गळतात" म्हणून आठवडाभर तेलकट केस बांधून ठेवणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. त्यांचे केस धुताना जास्त निघतात कारण सात दिवसांचे गळलेले एकदम हातात येतात. दिवसाला ५० ते १०० केस जाणं स्वाभाविक आहे.

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर केसांवर क्षार बसतात, बारीक केस राठ आणि निर्जीव दिसू लागतात. शेवटचे दोन तांबे तरी पिण्याच्या पाण्याचे घ्या.

मग तेल लावायचंच नाही?

लावा की. धुण्याच्या आधी, थोडं, आणि खालच्या अर्ध्या लांबीला. २००३ मध्ये रेले आणि मोहिले या मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून दाखवलं की धुताना केसातून जाणारं प्रथिन खोबरेलाने कमी होतं, बाकीच्या दोन्हींनी तसं होत नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते हेही सांगायला हवं. तरी त्यामागचं कारण पटण्याजोगं आहे, खोबरेलाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. बारीक केसांना अर्धा चमचा पुरे. आजी डोकं थबथबून लावायची, पण ती नंतर शिकेकाईने खसखसून धुवायचीही. तेल लावून आठ दिवस तसंच ठेवलं तर टाळूवर धूळ बसते, बाकी काही नाही.

पावसाळ्यात कितीही चांगला कट असला तरी केस लोळागोळा होतात.

मुंबई, कोकण, गोवा, सगळीकडे जून ते सप्टेंबर हेच. हवेतला ओलावा केस शोषतो आणि ड्रायरने दिलेला आकार तासाभरात सुटतो. म्हणूनच ज्या कटला आकार द्यावा लागत नाही तो पावसाळ्यात उपयोगी. या दिवसांत केस ओले असताना वेणी घालून घट्ट बांधू नका. ओला केस ताणला की लवकर तुटतो, आणि दिवसभर न वाळलेल्या केसांना कुबट वास येतो. सुती जुन्या टी-शर्टात दहा मिनिटं गुंडाळा, मग मोठ्या दातांच्या फणीने खालून वर गुंता सोडवत या. ट्रेनमध्ये पंख्याखाली उभं राहायला मिळालं तर उरलेलं काम तो करतो.

बारीक केसांत गजरा, पिना काहीच टिकत नाही. अंबाडाही सुटतो. यावर काही?

टिकतो, थोडी युक्ती लागते. ज्या दिवशी समारंभ आहे त्या दिवशी नका न्हाऊ, आदल्या दिवशी न्हा. ताजे धुतलेले बारीक केस काचेसारखे गुळगुळीत असतात, पिनेला धरायला काही मिळत नाही.

काळी पिन लावताना तिची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवा. बऱ्याच जणी उलटी लावतात, नागमोडी बाजू शोभेची आहे असं समजून. ती बाजू केस धरण्यासाठी असते. गजऱ्यासाठी आधी अंबाड्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या अडकवा. मग गजऱ्याचा दोरा त्या फुलीखालून ओढून घ्या. मोगरा पाणी शिंपडून दिलेला असेल तर आधी हलक्या हाताने झटका. ओल्या गजऱ्याचं वजन बारीक केसांना खाली ओढतं. ही फुली मी प्रत्येक नवरीला लावते, आणि सप्तपदीपर्यंत गजरा जागचा हलत नाही.

सरळ कट असला की अंबाडा नीट बसतो, कारण सगळी टोकं एकत्र आत जातात. लेयर्समध्ये प्रत्येक पायरीचं टोक वेगळ्या जागी बाहेर येतं.

एक काळजी घ्या: रोज त्याच जागी, घट्ट, साध्या रबराने बांधू नका. कानांवरचे आणि कपाळालगतचे केस सततच्या ओढीने कायमचे जाऊ शकतात. कापडी रबर वापरा आणि बांधायची जागा बदलत राहा.

स्मूदनिंग किंवा केराटिन केलं तर देखभाल संपेल का?

माझं मत स्पष्ट आहे: बारीक, मुळातच सरळ केसांना हे करू नका. या प्रक्रिया केस सपाट करण्यासाठी असतात आणि तुमची तक्रारच सपाटपणाची आहे. करून घेतल्यावर महिनाभर चमकतात, मग मुळापासून नवे केस वेगळे दिसू लागतात आणि दर काही महिन्यांनी पुन्हा खर्च. त्यात बारीक केस गरम प्लेटची उष्णता फार सहन करत नाही.

काही द्रावणांमधून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. डोळे चुरचुरायला लागले की ते सहन करत बसू नका, उठा. मी हे काम पार्लरमध्ये ठेवलेलं नाही.

घरी स्वतः कापले तर?

अर्धा इंच ट्रिम जमतं. वाळलेले केस मधल्या भांगाने दोन भागांत पुढे घ्या, छातीपाशी रबर लावा, रबर दोन्हीकडे सारख्या उंचीवर खाली सरकवत न्या आणि त्याच्या खालचं कापा. मागे आपोआप उथळ यू तयार होतो. त्याहून जास्त कापायचं असेल तर दुसऱ्याचा हात हवा.

हे सगळं करूनही केस पातळच होत चाललेत. आणखी आखूड कापू का?

इथे कात्री बाजूला ठेवा. भांग हळूहळू रुंद होत असेल, टाळू दिसू लागली असेल, कुठे नाण्याएवढी जागा मोकळी झाली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हिमोग्लोबिन आणि लोह कमी असणं, थायरॉइड, ही कारणं आपल्याकडे बायकांत पुष्कळ दिसतात आणि ती रक्ततपासणीत कळतात. डेंगू, टायफॉइड असा मोठा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठभर केस जातात. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तेच. बाळंतपणानंतरचे बहुतेक जणींचे वर्षभरात परत येतात. त्या काळात खांद्याच्या थोडं खाली सरळ कट ठेवला तर येणारे आखूड केस लवकर रेघेला मिळतात.

पार्लरमधून आल्यावर घरी एक बाजू लांब वाटते. परत जायला लाज वाटते.

लाज कसली? पहिल्यांदा केस धुऊन, पूर्ण वाळवून, आपला रोजचा भांग पाडा. दोन्ही बाजूंच्या कानामागच्या बटा हनुवटीखाली एकत्र आणा आणि बोटांत धरून टोकं जुळतात का बघा. एका बोटाच्या रुंदीपेक्षा कमी फरक असेल तर तो भांगाचा किंवा खांद्याचा आहे; बहुतेकांचा एक खांदा किंचित खाली असतोच. त्याहून जास्त असेल तर आठवड्याच्या आत परत जा आणि बोटांत धरून तसंच दाखवा. मी अशा वेळी पैसे घेत नाही. जाताना केस धुतलेले आणि तेल न लावलेले असू द्या, म्हणजे लगेच बसवता येतं.